फाटकाची कडी दोनदा वाजव

संगम माहुली, सातारा
२० नोव्हेंबर २०२५

चि. शरयू हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, ‘‘आत्या, त्याला दुखत असेल का गं?’’ मी बोलणार तेवढ्यात तुला कुणी तरी हाक मारली म्हणालीस आणि फोन ठेवलास. हाक कुणी मारली नव्हती, ते मला कळलं. मी रागावलेले नाही. दिवाळीला तू पुण्याहून सांगलीला गेलीस आणि परत आलीस. दोन्ही वेळा साताऱ्यावरूनच गेलीस, दोन्ही वेळा उतरली नाहीस. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘वन्सं, तिला त्याला तसं बघवत नाही.’’ म्हणून लिहायला बसले. फोनवर बोलताना माझाही गळा भरून येतो, लिहिताना मध्ये थांबून डोळे पुसता येतात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, दुखत नाही. हरण्याला जो आजार झालाय त्यात वेदना नसते. त्याला आता दिसत मात्र नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच बहुतेक कळत असेल. आणि ते आज-काल झालेलं नाही, दोन वर्षं हळूहळू होत होतं आणि आधी आमच्या लक्षातच आलं नाही.

तुला तो फोटो आठवतो? २०२३च्या गणपतीत मी पाठवलेला. आरतीच्या वेळी ओटीवर बसलेला हरण्या, आणि फ्लॅशमध्ये त्याचे डोळे सोन्याच्या मोहरांसारखे चमकलेले. तू लिहिलं होतंस, ‘‘किती चमकतात गं याचे डोळे!’’ मीही तो फोटो किती जणांना दाखवला. ती चमक म्हणजेच आजार होता, शरयू. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत आलेला उजेड तो पुन्हा पडद्यावर फेकतो, म्हणून त्यांना आपल्यापेक्षा अंधारात बरं दिसतं आणि रात्री गाडीच्या दिव्यात त्यांचे डोळे चमकतात. पडदा विरत चालला की मागचा आरसा जास्त उघडा पडतो. बाहुलीही मोठी होऊन राहते, कारण डोळा जास्तीत जास्त उजेड मागत असतो. तेव्हा तो फोटो पाहून मी दृष्ट काढली होती त्याची.

त्यानंतर एक एक खूण दिसायला लागली. तिन्हीसांजेला परसातून वर यायला तो कां कू करायचा. दिवसा तीच पायरी उडी मारून चढायचा. लाइट गेली की जागचा हलायचा नाही. आम्ही म्हटलं, वय झालं, सांधे दुखत असतील. तुझे मामा रोज त्याच्या मागच्या पायांना तेल चोळायचे. पाय ठणठणीत होते, अंधार त्याला खात होता. या आजारात आधी रात्रीची नजर जाते आणि मग दिवसाची, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं?

इथल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. साखर, मूत्रपिंड, गोचीड ताप. साखरेनं कुत्र्यांना मोतीबिंदू फार लवकर होतो, आणि गोचीड तापानं डोळ्याच्या आत सूज येते, रक्त उतरतं. आपल्याकडं गोचिडांना काही कमी नाही, म्हणून ते पहिल्यांदा बघतात. काही निघालं नाही. मग जानेवारीत त्याला शिरवळला नेलं. खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरली आणि एकदम काळोख झाला, तेव्हा त्यानं आपलं लांबडं डोकं माझ्या काखेत खुपसलं. बोगदा संपला तरी काढलं नाही.

शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८चं आहे आणि त्याला क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे. फाटकावरची पाटी वाचून मला तुझे पणजोबा आठवले. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, म्हणजे आज म्हणशील तर सांगली जिल्ह्याचे. पण पत्री सरकार चाललं तेव्हा हा सगळा मुलूख साताराच होता. १९४९ला दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६०ला त्याचं नाव सांगली झालं. तुझे पणजोबा शेवटपर्यंत पत्रावर ‘द. सातारा’ लिहायचे. मला त्या दारात उभं राहून उगीच बरं वाटलं. आपला हरण्याही असाच, जन्म तिकडचा आणि म्हातारपण इकडचं.

डॉक्टरांनी काय केलं ते सांगते, कारण ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यांनी कापसाचा एक बोळा घेतला आणि हरण्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, वरून अलगद सोडला. कापूस पडताना आवाज करत नाही, त्याला वास नाही, हवाही हलत नाही. दिसत असेल तरच कुत्रा मान वळवतो. बोळा तरंगत तरंगत खाली आला, फरशीवर टेकला. हरण्या समोर बघत राहिला. डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूनं सोडला. तरी समोरच. कुणी काही बोललं नाही. मग मी नकळत नाक ओढलं, आणि तेवढ्या आवाजाला त्यानं झटकन मान माझ्याकडं वळवली, अगदी नेमकी.

लोक अजून म्हणतात, ऑपरेशन का करत नाही? आजोबांचं झालं तसं. तुझ्याही मनात असेल. कुत्र्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, माणसांसारखंच, लहरींनी भिंग फोडून बाहेर काढतात. पण मागचा पडदाच गेलेला असेल तर पुढची काच पुसून काय दिसणार? तुला हरण्याच्या डोळ्यांवर निळसर छटा दिसायची ना, ती तर मोतीबिंदूही नव्हे. वय झालं की भिंगाचा गाभा घट्ट होत जातो आणि निळसर दिसतो, त्यानं नजर फारशी जात नाही. आम्ही मात्र बारा महिने त्या निळ्या छटेलाच दोष देत बसलो होतो. काचबिंदू असता तर गोष्ट वेगळी. त्यात डोळा लाल होतो, फुगतो, पाणी येतं, आणि भयंकर दुखतं. तसं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री डॉक्टरांकडं न्यायचं, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. म्हणून मी रोज सकाळी त्याचे दोन्ही डोळे बघते. तुळशीला पाणी घातलं की तेच काम.

परत येताना मी तुझ्या बाबांना फोन केला. दादा बराच वेळ गप्प होता. मग एवढंच म्हणाला, ‘‘नजरेचं कुत्रं हाय ते, ताई.’’

तुला हरण्या आठवतो तो सांगलीतल्या घरातला. तो तिथं कसा आला ते तुला ऐकून माहीत असेल, तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. २०१३चा उन्हाळा, दुष्काळाचं दुसरं वर्ष. जतकडं चारा छावण्या लागल्या होत्या. दादा कामानिमित्त तिकडं जायचा. छावणीच्या कडेला एक धनगर कुटुंब उतरलं होतं, त्यांच्या कारवानी कुत्रीला पाच पिलं झाली होती. खायला माणसांना नव्हतं तर कुत्रीला कुठलं. म्हाताऱ्यानं हरणाच्या रंगाचं एक पिलू दादाच्या हातात दिलं आणि सांगितलं, हे वासावर नाही, नजरेवर पळतं, याला रान दाखवत जा.

खरंच आहे ते. कारवानी म्हण की मुधोळी म्हण, ही कुत्री डोळ्यांनी शिकार करतात. लांबट डोकं, बाजूला वळलेले डोळे, खपाटीला गेलेलं पोट. दूरवर ससा हलला की बाण सुटल्यासारखी सुटतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी यांची पिलं इंग्लंडच्या बादशहाला भेट दिली होती, आणि २००५ साली टपाल खात्यानं यांचं तिकीटही काढलं. माणदेशात आणि जत-आटपाडीकडं त्याचं कुणाला काही नाही, तिथं ती मेंढरांमागं फिरतात आणि भाकरी खातात. तर अशा जातीच्या कुत्र्याची नेमकी नजर जावी, हे मला फार लागलं. घोड्याचे पाय जावेत तसं. कितीतरी दिवस मी त्याच्याकडं बघून हेच म्हणत होते, आणि तुलाही हेच बघवत नाही, मला माहीत आहे.

पण शरयू, आजाराची ही दोन वर्षं मी त्याच्याबरोबर आहे आणि तू नाहीस, म्हणून तुला सांगायचा मला अधिकार आहे. तो दुःख करत बसलेला नाही. जे गेलं त्याचं दुःख आपण करतो तसं त्याला करता येत नाही. तो उरलेल्यावर जगतो, आणि उरलेलं पुष्कळ आहे. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, त्याच्या नाकात कोटींनी असतात. तू आमच्या स्वयंपाकघरात आलीस तर तुला आमटीचा वास येईल. त्याला तुरीची डाळ, कोकम, हिंग, कालची धुतलेली कढई आणि मला आलेला घाम हे सगळं वेगवेगळं कळत असणार. नजरेचं कुत्रं असलं तरी नाक काही त्यानं मेंढरांमागं टाकून दिलेलं नाही.

त्याला एकच गोष्ट लागते. आपण वस्तूंच्या जागा बदलायच्या नाहीत. घर जसं आहे तसं राहिलं तर तो त्यात हिंडतो, तुला बघून कळणार नाही की हा आंधळा आहे. हे मी फार वाईट रीतीनं शिकले.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी घराचं रंगकाम काढलं. ओटीवरचा दिवाण दोन हात पुढं ओढला आणि मी स्वयंपाकघरात गेले. हरण्या परसातून आला. रोजच्या वाटेनं, रोजच्या चालीनं, कारण ती वाट त्याच्या डोक्यात पक्की. दिवाणाच्या लाकडी कोपऱ्यावर त्याचं तोंड आदळलं. ओठ फाटला, एक दात हलला. तो ओरडला नाही. मागं सरला, पुन्हा पुढं आला, पुन्हा आदळला, कारण त्याच्या हिशोबात तिथं काही नव्हतंच. मग तो खाली बसला आणि थरथरायला लागला. मी धावत आले तर माझ्याकडंही येईना. त्या क्षणी त्याचं घरच त्याला खोटं ठरलं होतं. रंगारी बिचारा म्हणाला, ‘‘बाई, मीच हलवला असता तर तुम्ही मला बोलला असता.’’ त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून दिवाण हललेला नाही. पितळी घंगाळ, तुझ्या मामांची खुर्ची, चपलांचा खण, सगळं आपापल्या जागी. खुर्ची ओढून बसणारा पाहुणा उठला की मी आधी खुर्ची सरकवते, मग त्याला निरोप देते. पायऱ्यांच्या कडांना आधी पिवळा ऑइलपेंट मारला होता. कुत्र्यांना निळा-पिवळा चांगला कळतो, लाल-हिरव्यात फरक कळत नाही. (तुझा तो लाल चेंडू हिरवळीवर त्याला का सापडायचा नाही ते आता लक्षात आलं ना? तू त्याला आळशी म्हणायचीस.) तो पिवळा चार-सहा महिने उपयोगी पडला, मग तोही दिसेना. आता पायऱ्यांच्या तोंडाशी तागाचं पोतं अंथरलंय. पायाला खरखर लागली की तो थांबतो, मी म्हणते ‘पायरी’, आणि तो पुढचा पाय हळूच सोडून चाचपतो. मागच्या दाराला वाळ्याची जुडी बांधलीय, ओली केली की वास येतो, म्हणजे ते दार. पाण्याचं भांडं मातीचं आणि जागा एकच. एका माणसानं मला सांगितलं, याच्या तोंडावरच्या मिशा कापून टाका, नीट दिसेल. मी त्याला हात लावू दिला नाही. त्या मिशा म्हणजे त्याची पांढरी काठी आहे. चालताना तो मुस्कट खाली धरतो, आधी मिशी टेकते आणि मग तो वळतो.

आणि एक गोष्ट लपवत नाही. मार्चमध्ये तो मला चावला. दुपारी ओटीवर गाढ झोपला होता, त्याच्या पाठीवर मुंगळा दिसला म्हणून मी काही न बोलता हात लावला. त्यानं झोपेतच वळून मनगट धरलं. रक्त आलं. मनगट सोडल्यावर त्याला वास आला, मी कोण ते कळलं, आणि तो सरपटत दिवाणाखाली गेला तो रात्री जेवायलाही बाहेर आला नाही. इंजेक्शनं घेऊन आले आणि दिवाणाजवळ फरशीवर बसून राहिले. चूक माझी. ज्याला दिसत नाही त्याला आधी आवाज द्यायचा, मग हात लावायचा. झोपलेला असेल तर थोडं लांबून पाय आपटायचा, फरशीचा हादरा त्याला कळतो. शाळेत तीस वर्षं पोरांना सांगितलं, बोलल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावू नये. स्वतः विसरले.

शेजारपाजारचे म्हणतात, आता सोडवा त्याला. चांगल्या मनानं म्हणतात, मी त्यांना वाईट म्हणत नाही. मी म्हणते, जेवतो, झोपतो, मला दारात भेटायला येतो, संध्याकाळी नदीवर न्या म्हणून पट्टा तोंडात धरून आणतो. यातलं काय सोडवू? जेव्हा तो हे सोडेल तेव्हा मी डॉक्टरांना विचारीन आणि तुलाही सांगीन. पण डोळे गेले एवढ्यासाठी नाही.

नदीचं तुला सांगायलाच हवं. घरापासून संगम पाच मिनिटांवर. कृष्णा आणि वेण्णा जिथं भेटतात तिथं घाटावर आम्ही रोज जातो. हरण्या पाण्याच्या अगदी कडेला जाऊन उभा राहतो. पुढचे दोन्ही पाय ओल्यात, मान उंच, नाकपुड्या हलत असतात. पाच-पाच मिनिटं हलत नाही. आधी मला भीती वाटायची. २०१९ साली त्यानं काय पाहिलंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सांगलीला गावभागातल्या घरात पुराचं पाणी शिरलं, आयर्विन पुलाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली, ४५ फूट म्हणजे धोका मानतात तिथं. तुम्ही सगळे गच्चीवर, आणि हा दोन दिवस पाण्याकडं बघून भुंकत होता. बोट आली तेव्हा त्याला घेणार नाही म्हणाले, आणि तू बोटीत बसायला नकार दिलास. बारा वर्षांची पोर. शेवटी दादानं त्याला पोत्यात घालून मांडीवर घेतलं. पाणी ओसरल्यावर तो इथं आला, चार दिवसांसाठी म्हणून. खालचा मजला राहण्यासारखा उरला नाही, तुम्ही विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर गेलात, आणि चार दिवसांची सहा वर्षं झाली. तेव्हा तू ज्याला सोडून आली नाहीस, तोच आहे हा.

आणि नदीही तीच आहे. इथलंच पाणी कराडला कोयनेला भेटतं आणि पुढं तुमच्या सांगलीला येतं. तो पाण्याशी उभा राहून काय हुंगतो, मला काय कळणार. मला वाटतं त्याला पुराचं काही आठवत नसावं, आठवत असतं तर कडेला गेला नसता. मळीचा, म्हशींचा, ओल्या दगडाचा वास, आणि आता हंगाम सुरू झालाय म्हणून पेटवलेल्या पाचटाचा. मी त्याला घाई करत नाही.

घाटावर थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीपाशी त्यांच्या कुत्र्याचीही समाधी आहे, तुला लहानपणी दाखवली होती. खंड्या त्याचं नाव. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्यानं महाराजांना सावध केलं, वाचवलं, असं सांगतात. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखी दिली, आणि एकदा भर दरबारात त्याच्या अंगावर जरीचे कपडे घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. या कुत्र्याची गोष्ट ग्रँट डफच्या १८२६च्या इतिहासातही आहे. लोक ती नवलाची म्हणून सांगतात, आणि पालखीपाशी थांबतात. मी आता तिथून जाताना दुसराच विचार करते. खंड्या म्हातारा झाला असेलच ना? पालखीत चढायला त्याला कुणी तरी खालून हात दिला असेल. एखादा हुजऱ्या रात्री उठून त्याला बाहेर नेत असेल. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. समाधीचा दगड थंडगार असतो, हरण्या त्याला एकदा नाक लावतो आणि मग आम्ही घरी येतो.

आता तुझं. तुला वाटतं, तो मला ओळखणार नाही. हे तू बोलली नाहीस, पण दोनदा न उतरण्याचं कारण मला तेच वाटतं. तर ऐक. जूनमध्ये दादा तुझ्या होस्टेलवरून सामान घेऊन सांगलीला चालला होता, रात्री इथं मुक्कामाला थांबला. तुझी ती निळी चाकांची बॅग त्यानं ओटीवर ठेवली. हरण्या आतून आला. पोतं, पायरी, दिवाण, सगळं नीट पार केलं, आणि बॅगेपाशी थबकला, कारण ती त्याच्या वाटेत नवी होती. मिशी लावली. मग नाक. कपडे आत होते, चेनीपाशी जाईल असं मला वाटलं. तो गेला मुठीपाशी. जिथं तुझा हात असतो तिथं. मूठ त्यानं हुंगली, मग चाटली, मग पुन्हा हुंगली. शेपूट हळूहळू हलायला लागलं, आणि तो बॅगेला वळसा घालून पलीकडं बघायला गेला. पलीकडं कुणी नव्हतं. तो परत आला आणि चाकांना आडवा पडून झोपला. सकाळी दादाला निघायचं होतं तर उठेना. दादानं अर्धा तास वाट बघितली, घाई असूनही.

तुला त्यानं डोळ्यांनी कधी ओळखलंच नव्हतं गं. तू शाळेतून यायचीस तेव्हा तू वळणावर दिसायच्या आधी तो जिन्यात जाऊन बसायचा, आठवतं?

म्हणून पुढच्या शनिवारी ये. येताना अंगाला सेंट लावू नकोस, तुझा वास त्याखाली झाकला जाईल. न सांगता येऊन चकित करू नकोस, त्याला आता चकित होणं आवडत नाही. फाटकाशी आलीस की कडी दोनदा वाजव, पूर्वी वाजवायचीस तशी, आणि तिथूनच बोलायला लाग. काहीही बोल, बसला गर्दी होती का ते सांग. रडलीस तरी चालेल, पण धावत येऊन गळ्यात पडू नकोस. ओटीवर पोत्याच्या अलीकडं खाली बस आणि हात जमिनीवर ठेव, तळवा वर. तो उभा राहील. मान वाकडी करील. मग चार पावलं आणि एक थांबा, चार पावलं आणि एक थांबा, असा येईल. त्याला यायला वेळ लागेल. मी आत असेन, मध्ये येणार नाही.

मामांनी तुला आशीर्वाद सांगितलेत. थंडी पडायला लागलीय, रात्री अंगावर नीट घेत जा.

तुझी,
आत्या

ता. क. – फराळाच्या ताटातले बेदाणे वेचून तू त्याला गुपचूप द्यायचीस, मला सगळं माहीत होतं. आता देऊ नकोस. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. तुझ्या आईनं तासगावचे दोन किलो पाठवलेत, ते मी वरच्या फळीवर ठेवलेत. त्याला द्यायचंच असेल तर भाकरीचा पापुद्रा दे, कडक झालेला. त्याचा मोडण्याचा आवाज त्याला फार आवडतो.